कॉइल, आरओ आणि बांबूचा ब्रश

शेवगा | ८ जून २०२५, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात सार्वजनिक आरोग्य शिकते, एमपीएचचं पहिलं वर्ष आत्ताच संपलं. धायरीत आम्ही तिघींनी मिळून दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. जानेवारीत 'पर्यावरण आणि आरोग्य' हा पेपर सुरू झाला आणि त्याच महिन्यात आमच्याच भागात (नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी) जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणारा आजार) रुग्ण सापडायला लागले. पुस्तकात १८५४ सालचा लंडनमधला ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि त्याच्या पाण्यातून पसरलेला कॉलरा शोधणारा डॉक्टर जॉन स्नो वाचायचा, आणि खिडकीतून खाली बघावं तर पाण्याचा टँकर उभा. अभ्यासाला इतकं जिवंत प्रात्यक्षिक नको होतं खरं तर.

शाळेत पर्यावरण म्हणजे प्रकल्पवही. 'प्लॅस्टिकचे दुष्परिणाम' यावर मी चाळीस पानं लिहिली होती आणि वर छानपैकी प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं. त्याच थाटात फेब्रुवारीत मी 'हिरवी' व्हायला निघाले. बांबूचा ब्रश घेतला. स्टीलचा स्ट्रॉ घेतला (मी शहाळंसुद्धा तोंड लावून पिते). एक कापडी पिशवी घेतली. घरी आल्यावर मोजल्या तर ती आठवी निघाली. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा हिशोब मांडला होता. नुसता हवामानावरचा परिणाम धरला तरी साधी सुती पिशवी पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला पन्नासेक वेळा वापरावी लागते. माझ्या आठातल्या पाच कोऱ्या होत्या.

मग मॅडमनी एक काम दिलं. उठल्यापासून झोपेपर्यंत नाकावाटे, तोंडावाटे, कातडीवाटे आपल्या शरीरात काय काय गेलं, ते तासातासाला लिहायचं. सोबत हवेतले कण मोजायचं छोटं यंत्र दोन दिवस घरी न्यायला मिळालं. मला वाटलं, सगळ्यात वाईट आकडा धायरी फाट्यावर दिसेल. तो दिसला रात्री साडेअकराला, आमच्या झोपायच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून कॉइल पेटवल्यावर पाऊण तासाने. पीएम २.५ (फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण) पाचशेच्या वर! आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. यंत्र स्वस्तातलं आहे, शंभर इकडेतिकडे धरा, तरी काय फरक पडतो? एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं २००३ सालचं संशोधन मॅडमनी दाखवलं. आम्ही वर्षभर रोज रात्री एक कॉइल लावत होतो. आणि सकाळी उठून मी बांबूच्या ब्रशने दात घासत होते.

तर आता कॉइल बंद आहे, मच्छरदाणी आली. आरओ बंद केलाय. कचरा वेगवेगळ्या डब्यांत जातो. गॅलरीत खताची बादली आहे. पहिल्या गोष्टीवर घरात एकमत आहे, बाकी सगळ्यांवर भांडण. विशेषतः बादलीवर, कारण तिच्यात अळ्या झाल्यात. जाणकारांनी सांगावं, टाकून देऊ का?

तिरकस | ८ जून, रात्री ११:२०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं वीजकेंद्र रात्रंदिवस कोळसा जाळतंय आणि आपण कॉइलच्या धुरावर चर्चा करतोय. चालू द्या.

शेवगा | ८ जून, रात्री ११:३१

काका (की दादा?), चंद्रपूर माझ्या उशाशी नाहीये, कॉइल होती. चंद्रपूरसाठी मोर्चा काढलात तर येईन, पण तोवर रात्री श्वास घेणं भाग आहे.

तिरकस | ८ जून, रात्री ११:३३

काकाच. हलकेच घ्या. :)

कोथरूडकाकू | ९ जून, सकाळी ७:१०

अगं, अजिबात टाकू नकोस! अळ्या कशा आहेत ते सांग. करड्या-तपकिरी, चपट्या, अंगावर वळ्या असलेल्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा बऱ्याच मोठ्या असतील तर त्या काळ्या सोल्जर माशीच्या. ती माशी घरात अन्नावर घोंघावत नाही, चावत नाही, आणि अळ्या ओला कचरा भराभर फस्त करतात. पांढऱ्या, बारीक, वळवळणाऱ्या असतील तर साध्या माशीच्या. दोन्हींचा अर्थ एकच, बादली ओली झालीये.

भांड्याच्या तळाशी उरलेली आमटी ओतता का त्यात? ओतत असणार. पहिले दोन महिने शिजवलेलं काहीही नको. फक्त सालं, देठं, चहाचा चोथा. आणि ओल्याच्या दुप्पट वाळकी पानं, चुरून. तुमच्या भागात रस्त्याकडेला पानांचे ढीग पेटवतात ना लोक? पेटवायच्या आधी एक पोतं भरून आण. बादलीला बाजूने आणि खाली भोकं पाड, खाली जुनी थाळी ठेव. आठवड्यातून दोनदा तळापासून खालीवर कर. वास आला की पानं वाढव. विरजण म्हणून आंबट ताक शिंपड, विकतचं कल्चर लागत नाही. (माझं वैयक्तिक मत आहे, विकणारे रागावतील.)

मूठभर उचलून दाब. पाणी गळलं तर ओलं, नुसता गोळा झाला तर बरोबर, भुगाच राहिला तर कोरडं. पुरणाला जसा अंदाज लागतो तसाच.

दुसरीखोली | ९ जून, सकाळी ९:०४

नमस्कार. मी या धाग्यातली रूममेट. धागाकर्तीने जे लिहिलं नाही ते सांगते. बादली गॅलरीत आहे म्हणजे माझ्या खिडकीखाली आहे. अळ्या एका रात्री बादलीतून बाहेर पडून फिरायला निघाल्या आणि मी अनवाणी होते. त्या करड्या आणि चपट्या होत्या, काकू. मी अगदी जवळून पाहिल्यात.

कोथरूडकाकू | ९ जून, सकाळी ९:२६

मोठ्या झाल्या की कोरडी जागा शोधायला बाहेर पडतात त्या. कोष करायचा असतो. वरून जुनी ओढणी बांध आणि बादली शेवग्याच्या खिडकीखाली सरकव.

मुठाकाठी | ९ जून, दुपारी १:४०

लेखन आवडलं. पण कॉइल बंद करा म्हणणं सोपं आहे. आम्ही केशवनगरला राहतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत नदीवर डासांचं चक्रीवादळ उठलेला व्हिडिओ देशभर फिरला, तो आमच्या घराजवळचा. जलपर्णी तिथेच आहे, डासही तिथेच. घरात दोन वर्षांचं बाळ आहे. डेंगी झाला तर काय करू? आणि ते लिक्विडचं मशीन चालतं का? त्याला धूर नाही.

थेंबेथेंबे | ९ जून, रात्री ८:१५

सेवानिवृत्त आरोग्य सहाय्यक. एकतीस वर्षं गप्पी मासे सोडले आणि लोकांचे रांजण उलटे केले, त्या अधिकाराने लिहितो.

दोन डासांची गल्लत होते आहे. नदीवर, गटारावर, जलपर्णीत होतो तो क्युलेक्स. घाण पाण्यातला. तो रात्री चावतो. डेंगी आणि झिका पसरवणारा एडिस घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो आणि दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. म्हणजे रात्रभर कॉइल लावून डेंगीपासून फारसा बचाव होतच नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण सुरू झाले ते एरंडवण्यासारख्या चांगल्या वस्तीत, जलपर्णीच्या काठाला नव्हे.

अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. टाकी, पिंप रिकामं करून आतून घासायचं. नुसतं पाणी ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. फ्रिजमागचा ट्रे बघा, तो कुणी बघत नाही. मनीप्लँटची बाटली, कूलर, कुंड्यांखालच्या बश्या, गच्चीवरचं टायर.

बाळाला दिवसा झोपवतानाही मच्छरदाणीत झोपवा. खिडक्यांना जाळी. लिक्विडच्या मशीनमध्ये धूर नसतो हे खरं, पण औषध हवेतच सोडलेलं असतं. लावायचंच तर बाळ खोलीत नसताना तासभर लावा, नंतर खिडकी उघडा.

मुठाकाठी | ९ जून, रात्री ८:५०

काका, फ्रिजमागचा ट्रे काढला. लिहवत नाही.

सिंहगडरोडवाला | १० जून, सकाळी ६:३५

आरओ बंद केलास हे वाचून खरंच राग आला. आमच्या सोसायटीतला एक कॉलेजचा मुलगा जानेवारीत आठवडाभरात पायांनी लुळा झाला, अठरा दिवस व्हेंटिलेटरवर होता. आता वॉकर घेऊन चालतो. हे तुमच्या पुस्तकात असेल, आमच्या लिफ्टमध्ये आहे. पाणी वाचवायचं म्हणून जीव धोक्यात घालायचा का?

शेवगा | १० जून, दुपारी १२:२०

दादा, राग बरोबर आहे. मी ते फार उडत लिहिलं. नीट सांगते.

फेब्रुवारीत माझाही विचार 'आरओ आहे, आपण सुरक्षित' असाच होता. आमच्या घरमालकांनी बसवलेला, वर निळा दिवा. मग वर्गात कळलं की दुकानदार मीटर बुडवून जो टीडीएस दाखवतो तो विरघळलेल्या क्षारांचा आकडा. त्यात एकही जंतू मोजला जात नाही. गटाराचा थेंब पडलेल्या पाण्याचा टीडीएस १५० असू शकतो आणि खोल बोअरच्या स्वच्छ पाण्याचा ९००. जीबीएसच्या रुग्णांच्या तपासणीत सापडला होता कॅम्पिलोबॅक्टर, म्हणजे जंतू. तो क्लोरीनने मरतो, उकळल्याने मरतो. त्याच काळात सिंहगड रस्ता भागातल्या काही खासगी आरओ प्रकल्पांच्या पाण्याचे नमुनेही पिण्यास अयोग्य निघाले आणि महापालिकेने ते बंद केले, हे तुम्हीही वाचलं असेल. आरओची जाळी जंतू अडवते, पण पुढची साठवणटाकी, तोटी, तिथे पुन्हा काय होतं ते दिव्याला कळत नाही. आमच्या मशीनची शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली, ते घरमालकांनाही आठवेना.

आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस दीडशेच्या आत आला. भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नकोच, असं सरकारला सांगितलं होतं. आमचं मशीन एक लिटरमागे जवळजवळ तीन लिटर मोरीत सोडत होतं. आणि आम्ही मात्र तोंड धुताना नळ बंद करत होतो, पर्यावरण म्हणून.

आता पाणी गाळून, खळखळून उकळी आली की मिनिटभर ठेवून, झाकून पितो. हो, गॅस जातो. मला त्यात काही 'हिरवं' दिसत नाही, पण पाण्यापुरती मी तडजोड करणार नाही.

एक कबूल करते. मे महिन्यात टँकर आला त्या दिवशी मीटर ७०० च्या वर गेलं. त्या दिवसांत आरओ चालू केला होता.

सिंहगडरोडवाला | १० जून, दुपारी १:०५

हे वरच्या पोस्टमध्येच लिहायचं होतंस. उकळून पिते म्हणालीस तर राग नाही. मशीन मात्र मी बंद करणार नाही, बायकोला सांगायची हिंमत नाही. मशीनमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून लादी पुसायला घेतो आजपासून.

यवतमाळी | १० जून, सायंकाळी ५:४८

पुण्याच्या पाण्यावरून साऱ्या महाराष्ट्राला नियम लावू नका म्हणजे झालं. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराईड. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या कित्येक गावांत पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतील, म्हाताऱ्यांची कंबर सरळ होत नाही. उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं. तिथे आरओ चैन नाही.

शेवगा | १० जून, सायंकाळी ६:१०

मनापासून धन्यवाद. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं लिहिताना. म्हणजे आधी पाणी तपासा, मग यंत्र ठरवा.

स्टुटगार्टचा_सदा | १० जून, रात्री १०:३०

इकडे रिकामी प्लॅस्टिक बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात. २००३ पासून. त्यामुळे रस्त्यात बाटली दिसत नाही. आपल्याकडे असं कधी होणार?

तिरकस | १० जून, रात्री १०:४१

आमच्या लहानपणी दुधाच्या अन् सोड्याच्या बाटलीवर डिपॉझिट होतं, आणि रद्दीवाला दारात येऊन पैसे देऊन जायचा, यंत्रात वाकावं लागत नव्हतं. तुम्ही तिकडे गेलात आणि इकडे ते बंद पडलं. :) असो, कचऱ्यावर आलोच आहोत तर विचारतो. ओला-सुका वेगळा करून काय फायदा? खाली गाडीत सगळं एकत्रच कोंबतात.

शेवगा | ११ जून, रात्री ९:१५

काका, हे मीही म्हणायचे. मार्चमध्ये अभ्यासाचा भाग म्हणून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या एका ताईंबरोबर दोन सकाळी फिरले. सव्वासहाला सुरुवात, चार मजली बिनालिफ्टच्या इमारती. गाडीच्या खूप आधी, जिन्याखाली, ताई सगळा कचरा हाताने उघडतात. त्यांची कमाई सुक्यात असते, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा. तो आमटीत भिजला की भंगारवाला अर्ध्या भावाने घेतो किंवा घेतच नाही.

दुसऱ्या दिवशी एका पिशवीत फुटलेला काचेचा पेला होता. हातमोजा घातलेला होता, तरी अंगठ्याला लागलं. त्यांनी पदराच्या कडेने पुसलं आणि पुढचा डबा उचलला. मी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारलं तर म्हणाल्या, "ते घेतलंय गं. पण ते पॅड असतात ना उघडे, त्यांचं कुठलं इंजेक्शन?"

त्यासाठीच तो लाल ठिपका आहे. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उघडून बघावं लागत नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ते वेगळं गुंडाळून देणं आपल्यावरच टाकलं होतं, पण आमच्या इमारतीत नियम कुणालाच माहीत नव्हता. ठिपका माहीत होता दोन घरांना. मी लाल स्केचपेन आमच्या बाथरूममध्ये दोऱ्याने बांधून ठेवलंय.

कचरावेचक बायकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ मध्ये पुण्यात उभी राहिली. मी चार वर्षं इथे राहते आणि मला हे एका परीक्षेमुळे कळलं.

दुसरीखोली | ११ जून, रात्री ९:४०

स्केचपेनला माझा पाठिंबा आहे. बादलीला नाही. नोंद असावी.

तिरकस | ११ जून, रात्री १०:०२

काच आजवर तशीच टाकत होतो. यापुढे वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लिहून देईन.

थेंबेथेंबे | १२ जून, सकाळी ७:३०

शेवगा, गावी कधी जातेस? तुझ्या पोस्टमध्ये नळात क्लोरीन किती, ते कुठेच आलं नाही. टीडीएसचं मीटर सगळ्यांनी घेतलं, ओटी (ऑर्थोटोलिडीन नावाच्या औषधाने क्लोरीन तपासणं) कुणी करत नाही. क्लोरोस्कोपची पेटी स्वस्त असते. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, रंगाच्या पट्टीशी ताडून बघायचं. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. पावसाच्या तोंडाशी हे बघितलंच पाहिजे. तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, कुणी पिऊ नये, आणि हात धुवायचे.

शेवगा | १२ जून, सकाळी ८:०५

शनिवारी निघतेय काका. विभागातून पेटी मागून नेते.

शेवगा | २१ जून, रात्री ९:२०

गावाकडून. (अंबाजोगाईच्या बाजूला आहे, नाव लिहीत नाही, सगळे ओळखीचे.) रेंज नाही, म्हणून उशीर.

आल्याआल्या आईच्या चुलीवरून वाद झाला. स्वयंपाकाला गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी छपराखालच्या चुलीवर तापतं. "सरपण फुकट असताना गॅस जाळायला काय लॉटरी लागली का?" आणि पहाटे फुंकणी फुंकताना तिचा तो खोकला. भावाने आणि मी चूल उचलून अंगणात मांडली. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि चूल परत आत गेली. सध्या छपराचा एक पत्रा सरकवून धूर जायला वाट केलीय. बघू.

आता ओटी. चार ठिकाणी केली. टाकीजवळच्या नळाला, शाळेच्या नळाला, आमच्या घरी, आणि वस्तीच्या शेवटच्या नळाला. आई, दोन चुलत बहिणी आणि शेजारचे अप्पा बघायला उभे. कुठेच रंग आला नाही. पाण्यासारखं पाणी. आई म्हणाली, "तुझं औषध खराब असेल." मलाही तसंच वाटलं, म्हणून किराणा दुकानातून ब्लीचिंगची पुडी आणून बादलीभर पाण्यात चिमूट टाकली आणि त्याची केली. गर्द पिवळं झालं, जवळजवळ केशरी. तेव्हा अप्पा पहिल्यांदा खुर्चीवरून उठले.

अप्पाच ग्रामपंचायतीत घेऊन गेले. जलसुरक्षक काका चांगले आहेत, लपवाछपवी केली नाही. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) रोज टाकतात, रजिस्टरवर सह्या आहेत. पोतं दाखवलं. मार्चपासून तोंड उघडं, पत्र्याच्या खोलीत.

थेंबेथेंबे | २१ जून, रात्री ९:५५

मग ती नुसती पांढरी माती टाकतायत रोज. त्या माणसाला दोष देऊ नका, त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. उन्हात, ओलीत, उघडं ठेवलं की उडून जातो. ग्रामसेवकाला सांगून नवीन पोतं मागवा, आणि जुन्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावा, म्हणजे कागदावर येईल. नवीन आलं की झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात भरा, पत्र्याच्या डब्यात नको, गंजतो. सावलीत, जमिनीपासून वर, पाटावर. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकायची. टाकल्यावर अर्धा तास तरी नळ सोडू नयेत. आणि तोवर घरी उकळून प्या, अप्पांनाही सांग.

कोथरूडकाकू | २१ जून, रात्री १०:१०

प्लॅस्टिकचं पिंप! हरे राम. बरं, बादलीचं काय झालं?

दुसरीखोली | २१ जून, रात्री १०:१६

मी सांभाळतेय. ती नाही ना इथे. पानं घातली, ओढणी बांधली. वास गेला. तिला सांगू नका.

शेवगा | २२ जून, सकाळी ६:४०

वाचलं. पोतं सोमवारी येतंय म्हणाले. मी मंगळवारपर्यंत थांबते, शेवटच्या नळाची ओटी करूनच निघेन.